राखाडी जहाजावरची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. हसू नका लगेच. खुर्ची म्हटलं की लोकांना निवडणुका, ओढाताण आणि वर्तमानपत्रातली व्यंगचित्रं आठवतात. माझा त्यातल्या कशाशीही काडीचा संबंध नाही. मी एका युद्धनौकेवरची खुर्ची आहे, होते म्हणा. एकच पाय, तोही लोखंडी, जमिनीला बोल्टांनी आवळलेला. पाय ठेवायला एक आडवी दांडी, दोन जाड हात आणि पाठीवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: कप्तान.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात दातांच्या डॉक्टरांच्या आणि न्हाव्यांच्या खुर्च्याही बनत. आम्ही सगळ्या एकाच साच्यातल्या बहिणी. त्यातल्या काही दवाखान्यांत गेल्या, काही केशकर्तनालयांत. दवाखान्यातल्या बहिणीवर माणूस आ वासून बसतो. माझ्यावर माणूस बसला की बाकीच्यांची तोंडं बंद होतात. आमच्या नशिबात एवढाच काय तो फरक पडला.

जहाज जिथून चालवतात त्या सगळ्यात वरच्या खोलीत मला बसवलं. तिन्ही बाजूंनी काचा, मधोमध सुकाणू, त्याच्या आजूबाजूला दिव्यांची आणि काट्यांची यंत्रं, भिंतीवर बोलायचा रेडिओ, आणि उजव्या कोपऱ्यात खिडकीला अगदी लागून मी. खोलीतली सगळ्यात उंच जागा माझी. माझ्यावर बसलं की समोरचा आणि उजवीकडचा समुद्र पायाखाली अंथरल्यासारखा दिसतो.

कप्तानाशिवाय माझ्यावर कुणी बसत नसे. कप्तान खाली झोपलेला असो, गावात गेलेला असो, मी रिकामीच. खलाशी मला रोज पुसत, पण पुसताना कोपरसुद्धा टेकवत नसत. एकदा खालच्या इंजिनाकडचा एक माणूस काही दुरुस्तीला वर आला आणि बोलता बोलता त्याने चहाचा कप माझ्या हातावर ठेवला. खोली अशी चिडीचूप झाली की बिचाऱ्याने कप उचलला आणि चहा न पिताच जिना उतरला. मला तेव्हा मोठी ऐट वाटली होती. आज त्या ऐटीची शिसारी येते.

आता जहाजाची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. जहाज एका वेळी एकाच माणसाच्या तोंडाने चालतं. पहाऱ्यावर जो अधिकारी असेल तो हुकूम देतो, सुकाणूवरचा खलाशी तो मोठ्याने परत म्हणतो आणि चाक फिरवतो. दुसऱ्या कुणी तिथे तोंड घालायचं नाही. कप्तानाला मात्र वाटेल तेव्हा जहाज आपल्या हाती घेता येतं. त्याने सुकाणूवाल्याला परस्पर एक जरी हुकूम दिला, तरी जहाज त्याच्याकडे गेलं असंच धरतात. पण घोळ नको म्हणून ते तोंडाने सांगायचं असतं, ‘जहाज माझ्याकडे.’ परत देतानाही तसंच, ‘जहाज तुझ्याकडे.’ आणि खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं म्हणून सांगायचं.

माझे पहिले कप्तान या बाबतीत भारी खडूस होते. पाण्याचा घोट घ्यायला वळले तरी ‘जहाज तुझ्याकडे’ म्हणायचे आणि घोट गिळून झाला की ‘जहाज माझ्याकडे’. खलाशी म्हणायचे, यांच्या नाकावर माशी बसली तर हे तिलाही विचारतील, कुणाच्या परवानगीने बसलीस? ते बदलून गेले तेव्हा कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही.

त्यांच्या जागी आले थोरले. त्यांना पहिल्याच आठवड्यात सगळे थोरले म्हणू लागले, कारण ते घरातल्या थोरल्या भावासारखेच वागायचे. आवाज चढवायचे नाहीत. कुणाची आई आजारी आहे, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलंय, सगळं त्यांच्या लक्षात असायचं. स्वतः मात्र झोपायचे नाहीत. जहाजावर काही खुट्ट झालं की हे जिना चढून वर, आणि आले की माझ्यावर. माझा घसारा सगळा त्यांच्याच काळातला.

त्यांनी ती हुकमाची रीत हळूहळू मोडली. मुद्दाम नव्हे, चांगुलपणाने. पहारा अधिकारी पहिल्यांदा ‘जहाज कप्तानांकडे’ असं ओरडली, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “अगं, आपण काय नाटकात आहोत का? घरातलीच माणसं आपण. कळतं की.” खोलीतले सगळे हसले. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून थोरले माझ्यावर बसून मधूनच म्हणायचे, “जरा डावीकडे घे रे.” सुकाणू फिरायचं. मग पुढचा हुकूम कधी ते द्यायचे, कधी पहारा अधिकारी. जहाज कुणाकडे आहे, हे कुणी विचारत नव्हतं. सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून विचारायची कुणाला गरजही वाटली नाही.

ती ओरडणारी पहारा अधिकारी म्हणजे मास्तरीण. वयाने लहान, पण समुद्राचे नियम तिला तोंडपाठ, आणि कुणी चुकलं की दुरुस्त केल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही, म्हणून हे नाव. थोरले तर तिला तोंडावरच मास्तरीणबाई म्हणायचे. त्यांनीच तिला पाण्याचा रंग बघून खोली ओळखायला शिकवली, वळणाचा अंदाज शिकवला, आणि आपल्या हाताने लिहून दिलं की ही आता एकटीने पहारा करू शकते. त्या दिवशी ती माझ्याजवळ उभी होती. तिच्या डोळ्यांत त्यांच्याबद्दल जे होतं, त्याला भक्तीच म्हणायला हवं.

सुकाणूवर बहुधा मामा असायचा. तो कुणाचा मामा होता देव जाणे, पण सगळ्या जहाजाचा मामा झाला होता. मास्तरीण त्यालाही सोडायची नाही.

“मामा, ते लांबचं जहाज बघा. आपल्या खिडकीच्या चौकटीत ते पुढे किंवा मागे सरकत गेलं, तर काळजी नाही. पण जागच्या जागी राहून नुसतं मोठं होत गेलं, तर समजायचं की आपली टक्कर होणार.”

“म्हणजे माझ्या चुलतभावासारखं, मॅडम,” मामा म्हणाला. “दिवाणावरून हलत नाही आणि बघावं तेव्हा आणखी रुंद.”

थोरले एवढे हसले की मी करकरले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. साध्या जहाजांवर एक यंत्र असतं. ते सतत आपलं नाव, वेग आणि दिशा आजूबाजूच्यांना कळवत राहतं, आणि दुसऱ्यांच्या पडद्यावर ते दिसतं. आमच्याकडेही ते होतं, पण बंद. युद्धनौकेला लपायची सवय असते. रंग समुद्रासारखा, दिवे कमी, नाव गुपचूप. वर्दळीच्या वाटेवर ते सुरू करायला कुणाची हरकत नव्हती, पण करायचं कुणाच्या मनात येत नसे. त्यामुळे आजूबाजूच्या जहाजांना आम्ही दिसायचो ते उशिरा, आणि हाक मारायची तर नावही ठाऊक नसायचं.

त्या दिवशी दुपार होती. ऊन लख्ख, समुद्र शांत, वादळ नाही, धुकं नाही. टकरीच्या गोष्टी ऐकणाऱ्यांना वाटतं की काहीतरी भयंकर घडत असणार. काहीही घडत नव्हतं. दोन दिवसांचा सराव संपवून आम्ही बंदराकडे निघालो होतो. त्या दोन दिवसांत थोरल्यांनी पाठ टेकली नव्हती. आधी सराव, मग इंजिनाची काहीतरी कुरबुर. बंदराजवळची वाट गजबजलेली. मास्तरीण पहाऱ्यावर होती, मामा सुकाणूवर.

“सर, तुम्ही जरा पडा खाली जाऊन,” ती म्हणाली. “मी आहे.”

“तू आहेस गं. पण गर्दीची वाट आहे. मी आपला बसतो इथे, तुला सोबत.”

ते माझ्यावर बसले. ऊन समोरून येत होतं म्हणून त्यांनी काळा चष्मा लावला. ते खाली जाऊन झोपले असते, तर आज तीन माणसं जिवंत असती. मास्तरणीने ते जहाज नीट नेलं असतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्यांची काळजीच नडली.

उजवीकडून एक लहानसं मालवाहू जहाज येत होतं. जुनं, गंजाचे ओघळ उतरलेलं, मागच्या बाजूला दोरीवर कपडे वाळत घातलेले. माझ्या खिडकीतून ते स्पष्ट दिसत होतं. समुद्रावर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम. आम्ही उजवीकडे वळून त्याच्या मागून जायचं, आणि त्याने न बिचकता सरळ, त्याच वेगाने जात राहायचं, म्हणजे आपल्याला अंदाज येतो. मास्तरणीला हे झोपेतही सांगता आलं असतं.

“सर, उजवीकडचं मालवाहू. मी त्याच्या मागून...”

“दिसतंय मला,” थोरले म्हणाले. त्याच वेळी समोर मच्छीमारांच्या जाळ्याचे तरंगते डबे दिसले आणि ते मामाला म्हणाले, “डावीकडे पाच अंश घे रे.”

“डावीकडे पाच अंश,” मामाने परत म्हटलं आणि चाक फिरवलं. डबे बाजूने निघून गेले.

मास्तरीण एक पाऊल मागे सरली. कप्तानाने परस्पर हुकूम दिला, म्हणजे जहाज कप्तानाकडे. मालवाहू त्यांना दिसतंय, तसं ते म्हणालेत. आता पुढचा हुकूम तेच देणार. तिचं काही चुकलं का? रीतीप्रमाणे नाही. आणि थोरल्यांच्या मनात काय होतं? तेही मला ठाऊक आहे, कारण नंतर त्यांनी ते शंभरदा सांगितलं. त्यांनी फक्त डबे चुकवले होते, जहाज तिच्याकडेच होतं. मालवाहूच्या मागून कसं जायचं, ते ती बघणारच होती.

दोघांनीही दुसऱ्यावर विश्वास ठेवला होता. आणि त्या लहानशा डाव्या वळणाने आमची वाट आणि त्या जहाजाची वाट बरोबर एका जागी येऊन मिळत होती.

मग ते घडलं, जे त्या खोलीत माझ्याखेरीज कुणालाही कळलं नाही. बसलेल्या माणसाचं वजन मला ठाऊक असतं. जागा माणूस स्वतःचं थोडं ओझं स्वतःच धरून असतो. पाठीत, मांड्यांत, दांडीवर टेकलेल्या पायांत. थोरल्यांचे पाय सैल पडले. मग पाठ. मग त्यांचं सगळंच्या सगळं ओझं माझ्यावर आलं. ते झोपले होते. काळ्या चष्म्यामागे डोळे मिटलेले, हात माझ्या हातांवर, तोंड समोर समुद्राकडे. मागून बघणाऱ्याला वाटावं, कप्तान डोळ्यांत तेल घालून बसलाय.

मालवाहू खिडकीच्या दुसऱ्या चौकटीत होतं. तिथून ते हललं नाही. नुसतं मोठं होत गेलं.

बाहेरच्या कठड्यावरचा टेहळ्या आत डोकावून म्हणाला, “उजवीकडे जहाज, जवळ येतंय.” मास्तरीण म्हणाली, “माहीत आहे. सरांना दिसलंय.” तो परत गेला. मामाने एकदा तिच्याकडे बघितलं. तिने थोरल्यांच्या पाठीकडे बघितलं. मामाने परत समोर बघितलं.

तेवढ्यात रेडिओ बोलला. “ओ राखाडी जहाज, ऐकू येतंय का? आम्ही तुमच्या उजवीकडे आहोत. तुमचा विचार काय आहे?”

नाव ठाऊक नव्हतं ना, म्हणून राखाडी. आवाज तरुण माणसाचा होता, जरा संकोचलेला. एवढ्या मोठ्या युद्धनौकेला विचारायचं म्हणजे त्यालाही अवघड वाटत असावं. यांच्याकडे इतकी यंत्रं, इतकी माणसं, बघतच असतील की, असं वाटून तो सरळ येत राहिला. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं.

“सर,” मास्तरीण हलक्या आवाजात म्हणाली, “ते बोलावताहेत.”

थोरल्यांची मान खाली गेली आणि वर आली. झोपलेल्या माणसाची मान पडते आणि सावरते, तशी. पण मागून ती होकारासारखी दिसली. कप्तानांना ठाऊक आहे, त्यांनी काहीतरी ठरवलंय, युद्धनौकेने रेडिओवर कशाला उत्तर द्यायचं, असं काहीसं तिच्या मनात आलं असावं. ती थांबली. तिच्या श्वासाचा आवाज मला येत होता.

“राखाडी जहाज! अहो, बोला काहीतरी!”

मी काय करणार? बोल्टांनी आवळलेली मी. करकरायलासुद्धा माझ्यावरच्या माणसाने हलावं लागतं, आणि तो हलत नव्हता.

आता दोरीवरचे कपडे वेगळे ओळखू येत होते. एक निळा सदरा होता, एक टॉवेल. मागच्या दाराशी गंजीफ्रॉक घातलेला एक माणूस परात घेऊन बसला होता, कांदे की काय चिरत. त्याने मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि तो उठून उभा राहिला. परात त्याच्या हातातच होती.

तेव्हा मास्तरीण ओरडली. “उजवीकडे पूर्ण! इंजिन उलटं!”

मामाने चाक गरागरा फिरवलं. जहाज वळायला लागलं, पण जहाज म्हणजे सायकल नव्हे. समोरच्यानेही शेवटी वळण घेतलं होतं. आमचं पुढचं टोक त्याच्या मागच्या भागात, जिथे खाली इंजिन होतं तिथे, घुसलं. आवाज फार मोठा नव्हता. लांबलचक, चिरल्यासारखा होता. थोरले माझ्यावरून पुढे फेकले गेले आणि काचेवर आपटले. चष्मा पडला. त्यांनी मागे वळून विचारलं, “काय झालं?” त्यांच्या आवाजात झोप होती. त्या गडबडीत ती कुणालाच ऐकू आली नाही.

ते लहान जहाज बघता बघता मागून बसलं आणि गेलं. आमच्या माणसांनी होड्या टाकल्या, जिवाची पर्वा न करता पाण्यात उड्या मारल्या. ते नाकारून चालणार नाही. काही जणांना वर काढलं. त्यात रेडिओवरचा तो तरुण होता. आवाजावरून मी त्याला ओळखलं. खालच्या डेकवर दोघांनी धरून ठेवलेला तो एकच वाक्य ओरडत होता, “भावोजी खाली आहेत! अहो, भावोजी खाली इंजिनात आहेत!” भावोजी वर आले नाहीत. त्यांचा मदतनीस आला नाही. परातीवाला स्वयंपाकीही आला नाही. पाण्यावर तेलाचा तवंग आणि तो निळा सदरा तेवढा तरंगत होता.

आम्हाला गोदीत आणून उभं केलं. पुढचं टोक चेपलेलं, जहाज सुनसान. मग चौकशी लागली. कोण कोण येऊन फोटो काढून गेले, माझेही काढले. थोरल्यांनी सांगितलं, जहाज पहारा अधिकाऱ्याकडे होतं, मी फक्त बसलो होतो. मास्तरणीने सांगितलं, जहाज सरांकडे होतं. ती एवढंच म्हणायची. त्यांच्याविरुद्ध एक शब्दही जास्त नाही. आणि तिलाही ठाऊक नव्हतं की ते झोपले होते. थोरल्यांना तरी नक्की ठाऊक होतं का? डुलकी लागलेल्या माणसाला आपण डोळे मिटल्याचं आठवत नाही. पण डबे चुकवणं आणि काचेवर आपटणं यांच्यामधलं त्यांना काही म्हणता काही आठवत नव्हतं. एवढ्यावरून शहाण्या माणसाला काय कळायचं ते कळतं.

एका सकाळी ते एकटेच वर आले. माझ्या हातावर तळवा ठेवून उभे राहिले. फोन वाजला. पलीकडे त्यांच्या पत्नी होत्या. गोदीत एवढी शांतता होती की त्यांचा आवाज मलाही ऐकू आला. “झोप लागते का हो आता तरी?”

“नाही लागत,” थोरले म्हणाले आणि हसले. ते हसू ऐकवत नव्हतं.

शेवटच्या दिवशी चौकशीचे प्रमुख वर आले. पांढऱ्या मिशा, हळू बोलणं. त्यांनी सगळ्यांना टकरीच्या वेळी ज्या जागी होते त्या जागी उभं केलं. मामा सुकाणूवर, मास्तरीण तिच्या जागी. दाराशी तो रेडिओवरचा तरुण होता. त्याला समोरच्या जहाजाचा साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. सदरा दुसऱ्या कुणाचातरी असावा, बाह्या बोटांवर येत होत्या.

“कप्तान, तुमच्या जागी बसा.”

“मी उभाच राहतो, सर.”

“त्या दिवशी उभे होतात?”

“नाही.”

“मग बसा.”

थोरले बसले. या वेळी त्यांच्या अंगातला एकही स्नायू सैल नव्हता.

“जहाज कुणाकडे होतं?” प्रमुखांनी विचारलं.

“पहारा अधिकाऱ्याकडे.”

“सरांकडे,” मास्तरीण म्हणाली.

“सुकाणूवर कोण होतं? तुम्ही सांगा.”

मामाने चाकावरचा हात काढला नाही. “साहेब, मी आवाजाने चालतो. शेवटचा आवाज सरांचा होता. मग बराच वेळ कुणाचाच आला नाही.”

“मी बोलू का?” दारातून तो तरुण म्हणाला. प्रमुखांनी मान हलवली.

“कुणाकडे होतं, कुणाकडे नव्हतं, हे मला काही कळत नाही. आमच्याकडे वर मी आणि खाली भावोजी, एवढाच कारभार. मला फक्त एक विचारायचंय. माझी ताई रोज विचारते. एवढं मोठं जहाज, एवढी माणसं, तू हाका मारल्यास, मग कुणालाच ऐकू गेलं नाही का रे? मी तिला सांगितलंय, त्यांचं यंत्र बिघडलेलं असणार. तसंच झालं असेल, तर तेवढं सांगा. म्हणजे मला परत परत तेच सांगायला बरं.”

केवढी सोपी वाट त्याने काढून दिली होती! हो म्हटलं असतं तर त्या खोलीत कुणी तोंड उघडलं नसतं. त्यालाही ते हवंच होतं. प्रमुख आपल्या बुटांकडे बघत होते.

“यंत्र चांगलं होतं,” मास्तरीण म्हणाली. “तुम्ही हाक मारलीत तेव्हा मी इथे उभी होते. दोन्ही वेळा ऐकू आलं.”

“मग?”

“मी सरांना सांगितलं. त्यांची मान हलली. मला वाटलं, ते बघताहेत.”

“तोंडाकडे नाही बघितलंत त्यांच्या?”

“नाही. चार पावलं पुढे येऊन वाकावं लागलं असतं. कप्तानाच्या तोंडाकडे असं वाकून बघत नाहीत आमच्याकडे. मला ते उद्धटपणाचं वाटलं.” मग तिचा आवाज फुटला. “बाकी काही कारण नव्हतं हो. एवढंच.”

थोरल्यांची बोटं माझ्या हातांत रुतली. ते तिच्याकडे वळले नाहीत, समोर काचेकडे बघूनच बोलले. “बघितलं असतंस, तर दिसलं असतं तुला. मी झोपलो होतो.”

प्रमुखांनी वर बघितलं. मामाने डोळे मिटून घेतले. मास्तरीण भिंतीला टेकली. मला वाटलं होतं, हे वाक्य कुणीतरी बोललं की माझ्यावरचं ओझं उतरेल. काही उतरलं नाही.

तो तरुण थोरल्यांकडे बघतसुद्धा नव्हता. कोण झोपलं, कोण जागं होतं, हे त्याच्या ताईने विचारलंच नव्हतं. तो मास्तरणीला म्हणाला, “म्हणजे तिला सांगू, की ऐकू आलं होतं?”

“हो,” ती म्हणाली. “सांगा.”

“बरं,” तो म्हणाला आणि वळला. जिन्यावर त्याचा पाय चुकला. मामाने सुकाणू सोडून त्याला धरलं आणि खालपर्यंत पोचवून आला.

थोरल्यांची नोकरी गेली, मास्तरणीचीही. पुढे ती काय करते मला माहीत नाही. जहाज दुरुस्त झालं, रंगवलं, नवा कप्तान आला. त्याला माझ्यावर बसायचं नव्हतं. त्याला दोष देता येत नाही. माझे बोल्ट काढले आणि मला गोदीच्या सामानाच्या कोठीत आणून ठेवलं. पाठीवरची अक्षरं खरवडून टाकलीत. इथे माझ्यावर कुणीही बसतं. कोठीचा कारकून बसतो, रंगारी रंगाचे डबे ठेवतो, आणि मला त्याचं काहीही वाटत नाही. आणखी थोड्या दिवसांनी भंगारात जाईन. जायलाही हवं.

जाण्याआधी तुमच्याशी बोलावंसं वाटलं, कारण अशा खुर्च्या काही फक्त जहाजावर नसतात. तुमच्या कचेरीत असेल, दवाखान्यात असेल, घरात जेवणाच्या टेबलाच्या टोकालाही असेल. तिच्यावर तुमचं आवडतं, मोठं, शहाणं माणूस गप्प बसलेलं असेल, आणि बाहेरून कुणीतरी हाका मारत असेल. तेव्हा मागे उभं राहून त्याच्या पाठीवरून अंदाज करू नका. चार पावलं पुढे या आणि वाकून त्याच्या तोंडाकडे बघा. जागं असलं, तर फार तर रागावेल.